दादाच्या होडीचं माप

मी अंधेरीच्या एका कारखान्यात मापं तपासते. पंपांचे सुटे भाग बनतात तिथे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक शाफ्ट माझ्या टेबलावर येतो आणि मायक्रोमीटर लावून मी सांगते, हा जाईल, हा जाणार नाही. बावीस वर्षं हेच केलं. ऑपरेटर लोक माझ्यावर खार खाऊन असतात, त्याचं मला काही वाटत नाही. एखाद्याने चार तास खपून केलेली वस्तू नापास करताना मी दुसऱ्यांदा विचार करत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून क्लबातले लोक म्हणायचे, बिचारीला सख्ख्या भावाचं माप घेताना किती जड गेलं असेल. जड गेलं नव्हतं. त्या दिवशी तर अजिबात नाही.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा दादा दहा वर्षांचा होता, मी सात. बाबा मालवणकडचे, पाण्याची भीती नाही, एवढ्यावर त्यांना मालाडच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या सेलिंग क्लबात बोटमनची नोकरी मिळाली. होड्या ओढायच्या, धुवायच्या, शिडं वाळत घालायची, मेंबर लोक पाण्यात गेले की किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन उभं राहायचं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं बोरीवलीहून त्यांच्याबरोबर जायचो. कुणाचा जोडीदार आला नाही की दादाला होडीवर घ्यायचे, पुढे मलाही घ्यायला लागले. शिकवलं असं कुणी नाही. ओरडा खात शिकलो.

क्लबात सहा कॅटमरान होत्या. कॅटमरान म्हणजे दोन अरुंद हलांची होडी, हल म्हणजे पाण्यात राहणारी पोकळ बाजू. दोन हलांच्या मध्ये ताणून बसवलेलं जाळीदार कापड, वर उंच मास्ट, म्हणजे शिडाची काठी. एक जण सुकाणू धरतो. दुसरा कमरेच्या पट्ट्याने तारेला लटकतो, पाय होडीच्या काठावर आणि सगळं अंग पाण्यावर, म्हणजे वाऱ्याने होडी कलंडत नाही. बाबा रिटायर झाले तेव्हा एका म्हाताऱ्या मेंबरने आपली जुनी कॅटमरान आम्हा दोघांच्या नावावर करून दिली आणि बोटमनची मुलं मेंबर झाली. सुकाणू दादाकडे, तार माझ्याकडे. बारा वर्षं आम्ही त्या होडीवर रेस केल्या. पाण्यावर तो मला वाट्टेल ते बोलायचा, मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. बाकीच्या होड्यांवरचे लोक हसायचे. किनाऱ्याला लागलो की आईने दिलेला डबा एकाच झाकणात काढून खायचो.

सहाही होड्या एकाच कंपनीच्या, एकाच साच्यातल्या. याला वन डिझाइन म्हणतात. हल तोच, मास्ट तोच, शीड त्याच कंपनीने शिवलेलं. एक भोक जास्तीचं पाडायचं नाही, दोर बदलायचा तर त्याची जाडीसुद्धा नियमात लिहिलेली. होडी सगळ्यांची सारखी, त्यामुळे जो पुढे येतो तो स्वतःच्या अकलेने येतो. मला हा नियम मनापासून आवडायचा. त्या क्लबात आमची गाडी नव्हती, आमचं इंग्लिश तुटकं होतं, चहा प्यायला आम्ही अजूनही सवयीने मागच्या पायरीवर बसायचो. पण पाण्यात उतरलं की आमचा हल आणि क्लबातल्या एका अंधेरीच्या डेंटिस्टचा हल एकाच साच्यातून निघालेला असायचा.

मग कंपनीने ती होडी बनवणं बंद केलं. सुटे भाग येईनासे झाले. ज्यांची परदेशी ये-जा होती ते बॅगेतून शीड घेऊन यायचे. आमचं शीड ठिगळावर ठिगळ लावून चाललं होतं. एका रेसमध्ये तर सुकाणू हलच्या मागच्या भिंतीतून बोल्टसकट उपटून आलं आणि आम्ही दोघं अर्धा तास उलट्या होडीवर बसून राहिलो. दादाने ती भिंत स्वतः भरून काढली. फायबर हेच त्याचं काम. घाटकोपरला त्याचा गाळा आहे, बागेतल्या घसरगुंड्या, पाण्याच्या टाक्या, दुकानातले पुतळे, काय वाट्टेल ते बनवतो. फायबरच्या कामात त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही.

चार वर्षांपूर्वी आमचं शीड मधोमध फाटलं. दादाने शिडाचंच कापड मिळवलं आणि गाळ्याशेजारी ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराकडून नवीन शिवून घेतलं. जुनं शीड जमिनीवर पसरून, त्यावर नवीन ठेवून, मी स्वतः टेपने मापलं. कुठेही फरक नव्हता. त्या रविवारी आम्ही पहिले आलो.

डेंटिस्टने लेखी तक्रार केली. आवाज चढवला नाही, उलट दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की यात वैयक्तिक काही नाही, नियम म्हणजे नियम. सेक्रेटरी हे बोटीवरून रिटायर झालेले कॅप्टन, बोरीवलीतच राहणारे. त्यांनी शीड पाहिलं, कंपनीचं लेबल नाही म्हणाले आणि आम्हाला बाद केलं. दादा अडून बसला. कापड तेच, माप तेच, मग लेबलाने होडी पळते का, असं विचारत राहिला. शेवटी कॅप्टन वैतागले.

"तुझे वडील इथे होते इतकी वर्षं," ते म्हणाले, "त्यांनी कधी नियमावर वाद घातला नाही."

"त्यांना घालता येत नव्हता," दादा म्हणाला.

परतताना रिक्षात मी त्याला सांगितलं की डेंटिस्टचं म्हणणं बरोबर होतं. शीड आपल्या नियमात बसत नव्हतं, हे तुलाही माहीत होतं. तो सिग्नलला रिक्षातून उतरला आणि चालायला लागला. मी त्याला हाक मारली नाही. आमच्यातलं खरं वैर त्या सिग्नलला सुरू झालं, असं मी धरते.

पंधरा दिवसांनी तो बोरीवलीला घरी आला. तोवर लग्न होऊन तो नाहूरला राहायला गेला होता, मी आईजवळ. त्याने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि त्यावर एक चौकोन काढला. म्हणाला, याला फॉर्म्युला म्हणतात, जगभर चालतं. लांबी पाच मीटरच्या आत, रुंदी अडीच मीटरच्या आत, वजन एकशेदहा किलोच्या खाली नाही, शिडाचं क्षेत्रफळ ठरलेलं. या चौकटीत जी बसेल ती होडी चालेल. कुणी बांधली, कशाने बांधली, लेबल आहे का, कुणी विचारायचं नाही. मी गाळ्यात स्वतः बांधू शकतो, तो म्हणाला, कुणाच्या बॅगेची वाट बघायला नको.

मला त्याचा मुद्दा कळत होता, पण पटला नाही. मी म्हटलं, चौकट उघडलीस की त्यातून तू एकटा आत येणार नाहीस. ज्याच्याकडे पैसा आहे तो त्याच चौकटीत कार्बनची हलकी, महागडी होडी आणून बसवेल, मग तुझ्या हाताचं काय करशील? तो म्हणाला, आता तरी कोण जिंकतं? नवीन शीड ज्याचं, तो. तुमची ती समानता फक्त कागदावर आहे. मी म्हटलं, कागदावर तरी आहे. तो म्हणाला, तुला कारखान्यात बसून लोकांना नापास करायची सवय लागलीय, दुसरं काही सुचतच नाही. मी म्हटलं, तुला हरल्यावर नियम बदलायची सवय लागलीय.

हे महिनाभर चाललं, घरी, फोनवर, क्लबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुपवर आम्ही एकमेकांना उत्तरं द्यायचो आणि बाकीचे वाचत बसायचे. आई कोलंबी सोलत असताना एकदा म्हणाली, "तुमी दोगां एका ताटात जेवलास, आणि आता एकमेकांक मापां लावतास?" दादा चप्पल घालून निघाला.

मीटिंगमध्ये एका होडीला एक मत असं ठरलं. आमची होडी दोघांच्या नावावर. कॅप्टननी विचारलं, तुमचं मत काय. दादा म्हणाला फॉर्म्युला, मी म्हटलं वन डिझाइन. ते म्हणाले, बाहेर जाऊन ठरवून या. आम्ही बाहेर गेलो, होड्यांच्या रांगेजवळ उभे राहिलो. दादाने खिशातून मोबाइल काढून बघत वेळ काढला. पाच मिनिटांनी आम्ही आत जाऊन सांगितलं की ठरत नाही. आमच्या होडीचं मत रद्द झालं. उरलेल्या पाचांत तीन विरुद्ध दोन असा फॉर्म्युला पास झाला. तिसरा हात डेंटिस्टचा होता. दादा त्याच्याकडे बघून हसला, आणि मला ते त्याच्या भांडणापेक्षा जास्त लागलं.

त्याच मीटिंगमध्ये मला मोजणीची जबाबदारी दिली गेली. मापं घेणारं दुसरं होतं कोण? नवीन नियमही मीच लिहून काढले, बाहेरच्या क्लबांचे समोर ठेवून. त्यातल्या एका वाक्यावर पुढे सगळं येऊन थांबलं, म्हणून ते सांगते: हलची लांबी मोजताना त्यावर बसवलेले सुटे भाग धरू नयेत.

दादाने होडी बांधायला आठ महिने घेतले. मला एकदाही गाळ्यावर बोलावलं नाही, मीही गेले नाही. बातम्या वहिनीकडून कळायच्या, त्याही आईला केलेल्या फोनवर. घसरगुंड्यांची कामं बाजूला पडलीत. साचा दोनदा फोडून पुन्हा केला. हातांना फायबरच्या रेझिनचं पुरळ उठलंय. मग एक दिवस कळलं की तारेवर वहिनी लटकणार आहे. वहिनीला पोहता येत होतं, पण होडीचा तिला गंध नव्हता. दादाने तिला तीन महिन्यांत तयार केलं, आमच्या जुन्या होडीवर, मी कारखान्यात असताना. एका शनिवारी मी क्लबात गेले तर माझा कमरेचा पट्टा ओला होऊन दोरीवर वाळत होता. वहिनीने वापरला होता. तो पट्टा घरी आणला आणि कपाटात टाकला.

मोजणीच्या दिवशी दोन होड्या नवीन होत्या. एक डेंटिस्टची. परदेशातून आलेली, काळ्या कार्बनची, एका माणसाने एका टोकाला धरून हलवावी इतकी हलकी, वजनाच्या नियमात बसावी म्हणून तिला शिशाचे तुकडे लावावे लागले. तिच्याबरोबर छापील कागद होते. लांबी चार मीटर नऊशे अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. बनवणाऱ्यांनी चौकट शेवटच्या केसापर्यंत वापरली होती. दादा ती काळी होडी आली तेव्हापासून एका जागी उभा होता. तिसरा हात कशासाठी वर झाला होता, ते त्याला तिथे कळलं असावं. मी त्याच्याकडे बघितलं. तो मी बघतेय हे बघून दुसरीकडे वळला.

मग त्याची होडी. पांढरी, बाजूने एक बारीक निळी रेघ. खरं सांगते, ती काळीपेक्षा देखणी होती. हलवरून हात फिरवला तर कुठे खळगा नाही, कुठे उंचवटा नाही. वजन बसलं. रुंदी बसली. लांबीसाठी आम्ही शेडमधल्या सपाट लादीवर होडी ठेवली, पुढच्या टोकाला ओळंबा सोडला, मागच्या टोकाला सोडला, खडूने खुणा केल्या आणि स्टीलची टेप लावली. पाच मीटर नऊ मिलिमीटर. मी तीनदा मोजलं. दोन्ही हल सारखेच.

कारण समोर दिसत होतं. मागच्या भिंतीवर, जिथे सुकाणूचे बोल्ट बसतात, तिथे त्याने बोटभर जाडीची पट्टी घेतली होती. हलबरोबरच थर चढवून एकजीव केलेली.

"नऊ मिलिमीटर जास्त," मी म्हटलं.

"पट्टी धरलीस तू," दादा म्हणाला. "ती सुकाणूची आहे. हलची नाही."

"हलमध्येच घेतलीयस. बोल्टने लावली असतीस तर सुटा भाग म्हटलं असतं."

"ती का आहे तुला माहीत आहे. सुकाणू उपटलं तेव्हा तू होतीस माझ्याबरोबर."

"माहीत आहे," मी म्हटलं. "लांबी पाच मीटर नऊ आहे."

डेंटिस्ट मागून पुढे आला आणि म्हणाला की त्याची काही हरकत नाही, नऊ मिलिमीटरने काय होतं, राहू द्या. कॅप्टननीही माझ्याकडे बघितलं. मी नुसतं होय म्हटलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. पण त्याच्या आधी दादा म्हणाला, "मला कुणाची मेहरबानी नको." आणि मला बरं वाटलं. तो अडकला याचं बरं वाटलं.

त्याने सुकाणू खोलून खाली ठेवलं, बोल्ट काढले, टेम्पोतून ग्राइंडर आणला आणि शेडमधल्या बोर्डाला लावला. वहिनी त्याच्या जवळ गेली आणि म्हणाली की आज नाही उतरलो तर काय होतं, पुढच्या रविवारी उतरू. त्याने ऐकलं नाही. मास्कही न लावता तो पट्टी घासायला लागला. पांढरी धूळ त्याच्या पापण्यांवर, मिशीवर बसली. आठ महिन्यांचं काम त्याने वीस मिनिटांत खाली आणलं, एक हल, मग दुसरा. सगळे बघत उभे होते. घासलेल्या जागी त्याने हाताने पातळ रेझिन फिरवलं, बोल्ट परत कसले आणि बाजूला झाला.

"मोज," तो म्हणाला.

मी ओळंबा सोडला, टेप लावली. चार मीटर नऊशे नव्व्याण्णव. मी कागदावर सही केली. पट्टीची जाडी बारा मिलिमीटर होती, त्यातली आता दोन उरली होती आणि त्या दोनावर सुकाणूचा सगळा भार जाणार होता. मला हे दिसत होतं. मोजणीच्या कागदावर मजबुतीचा रकाना नव्हता.

रेस दुपारी सुरू झाली. वायव्येचा वारा चढत होता, खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात, तशा राहिल्या होत्या. मी कॅप्टनबरोबर कमिटीच्या बोटीवर होते. काळी होडी पहिल्या वळणापर्यंत इतकी पुढे गेली की बाकीच्यांशी तिचा काही संबंध उरला नाही. दादा दुसरा होता. आणि तो चांगला चालवत होता, मी त्याला इतकं चांगलं चालवताना कधी पाहिलं नव्हतं. वहिनी तारेवर ताठ होती. माझ्यासारखी ती त्याच्याशी भांडत नव्हती, हे लांबूनही दिसत होतं.

दुसऱ्या वळणावर होडी एकदम वाऱ्यात तोंड खुपसून थांबली, मग आडवी फिरली. सुकाणूचं एक पातं मागच्या भिंतीचा तुकडा घेऊन सुटलं होतं. भिंतीला भगदाड पडलं आणि तो हल पाण्याने भरायला लागला. होडी उलटली तेव्हा वहिनी तारेसकट मास्टच्या बाजूला फेकली गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा दादा तिला एका हाताने धरून होता. आधी तिला वर घेतलं. तिचं उजवं मनगट विचित्र वळलं होतं. दादाला वर ओढायला मी हात पुढे केला, तो माझा हात सोडून बोटीची कड धरून चढला.

हॉस्पिटलात प्लास्टर घालून झाल्यावर दादा फॉर्म भरायला गेला आणि मी वहिनीजवळ एकटीच राहिले. मी विचारलं, फार दुखतंय का.

"तुम्हा दोघांना एकमेकांना दाखवायचं होतं, ताई," ती म्हणाली. "हात माझा मोडला."

ती माझ्यावर ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने डोळे मिटून घेतले आणि मी निघून आले.

त्या आठवड्यात कारखान्यात एका शाफ्टचं ड्रॉइंग आलं, त्यात एका खाचेचं माप नीट कळत नव्हतं. अशा वेळी आम्ही मशीन थांबवतो आणि ड्रॉइंग काढणाऱ्याला फोन करतो, तुमच्या मनात काय होतं ते सांगा. फोन करताना मला ती पट्टी आठवली. क्लबातलं ड्रॉइंग काढणारी मीच होते. सुटे भाग धरू नयेत हे वाक्य मी लिहिलं तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे मला पक्कं आठवत होतं. सुकाणू आणि ते बसवायला लागतं ते सगळं, असंच होतं. ती पट्टी हलबरोबर केली की नंतर लावली, याने होडी एक इंचही जास्त पळणार नव्हती. मी तिला सुटा भाग म्हणू शकत होते आणि कुणी हूं की चूं केलं नसतं. नऊ मिलिमीटरना मी धरून राहिले ते आठ महिने गाळ्यावर न बोलावल्याबद्दल, डेंटिस्टकडे बघून हसल्याबद्दल, दोरीवर वाळणाऱ्या त्या पट्ट्याबद्दल. नियमाचा आडोसा मिळाला, एवढंच.

हे मी कॅप्टनना सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, तू टेप बरोबरच लावलीस. पुढच्या मोसमाच्या नियमात सुकाणूची पट्टी लांबीत धरू नये असं एक वाक्य मी घातलं आणि ग्रुपवर टाकलं. दोन मिनिटांनी दादा ग्रुपमधून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी वहिनीने जुन्या होडीचा कागद आईकडे पाठवला, त्यात दादाने आपला अर्धा हिस्सा माझ्या नावावर लिहून दिला होता. पांढरी होडी त्याने टेम्पोत घालून परत नेली. तिचे तुकडे करून गाळ्यामागे टाकलेत असं आई म्हणाली. मी बघायला गेले नाही.

डेंटिस्टने तो सगळा मोसम जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यासमोर उतरायला दोनच होड्या राहिल्या, मग एकही नाही, आणि मग त्यालाही कंटाळा आला. तो आपली काळी होडी घेऊन दुसऱ्या क्लबात गेला. उरलेल्या चार जुन्या होड्या पुन्हा वन डिझाइनवर आल्या, फक्त एक बदल करून: शीड कुणीही शिवलेलं चालेल, माप तेच हवं. हा ठराव मांडताना कॅप्टन खाली बघून वाचत होते. दादाने एवढंच मागितलं होतं, पहिल्या दिवशी. आमच्या चारही होड्यांची शिडं आता घाटकोपरचा तो ताडपत्रीवालाच शिवतो. मी एका कॉलेजातल्या मुलीला तारेवर घेते आणि सुकाणू स्वतः धरते. मधल्याच नंबरात येते.

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बोरीवलीच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं एकाच बाकावर, मध्ये आईची पिशवी ठेवून बसलो होतो. दादाला काही विचारायचं असलं की तो उठून नर्सला विचारायचा. तासभर गेल्यावर मी म्हटलं,

"ती पट्टी मी धरायला नको होती."

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. "माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच दिवशी माहीत होतं."

"मग घासलीस कशाला? भांडायचंस ना. कॅप्टन तुझ्या बाजूने होते."

"तुला बघायचं होतं, मी घासतो का."

"आणि तुला?"

"मला बघायचं होतं, तू थांबवतेस का."

मला वाटलं होतं की हे सांगितल्यावर काहीतरी सैल होईल, त्याच्यात नाही तर निदान माझ्यात. तसं काही झालं नाही. उलट मला पुन्हा राग आला. बायकोला पाण्यात घेऊन जायचं आणि माझी परीक्षा बघायची, हे कुठलं शहाणपण? त्याच्याही मनात माझ्याबद्दल असंच काही चाललं असणार, त्याच्या जबड्यावरून कळत होतं.

आईला बाहेर आणलं, डोळ्यावर पट्टी. एका बाजूने त्याने धरलं, एका बाजूने मी. खाली आल्यावर त्याने रिक्षा थांबवली, आईला आत बसवलं, ड्रॉपची बाटली तिच्या हातात देऊन दिवसातून किती वेळा घालायचे ते तिला सांगितलं, घालणार मी होते तरी. मग तो स्टेशनकडे चालायला लागला. आईने मला विचारलं की तो गेला का. मी हो म्हटलं आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं. दादा आईला अजून रोज फोन करतो, दुपारी, मी कारखान्यात असते तेव्हा.